आयर्लंडचे आद्य रहिवासी व केल्टांचें आगमन : प्रो. ओराहिली यांच्या मताचें परीक्षण

आयर्लंडाच्या प्राचीन इतिहासावरील प्रो. टॉमस ओराहिली यांचा इंग्रजी ग्रंथ १९४६ सालीं डब्लिन येथें प्रसिद्ध झाला. त्या बेटांत केल्टभाषी लोक केव्हां व कसे आले, या प्रश्नाचा विचार आजहि त्यास वगळून करतां येत नाहीं. ग्रंथकाराची विद्वत्ता निर्विवाद आहे. परंतु त्यांचा मुख्य सिद्धान्त ज्या पायावर उभा आहे, तो तपासून पाहणें अवश्य आहे.

अकराव्या शतकांत संकलित झालेल्या ‘लेबर गबाला’ या आयरिश ग्रंथांत बेटावर एकामागून एक आलेल्या लोकांची हकीकत आहे. केसर, पार्थोलोन, नेमेद, फिर बोल्ग, तुआहा दे दानन, व शेवटीं स्पेनांतून आलेले मीलचे वंशज, असा तिचा क्रम. ख्रिस्ती पंडितांनीं ती बायबलांतील कालगणनेशीं जुळवून रचिली. बखर व अस्सल कागद यांतील भेद महाराष्ट्रांतील वाचकांस सांगावयास नको. ही बखरच होय. तींतील बरीच पात्रें मूळचीं दैवतें आहेत, हें ओराहिली यांनीं विस्तारानें दाखविलें, व तें कार्य मोठें आहे. परंतु पुढें तीच बखर, वंशावळी व टॉलेमीनें दुसऱ्या शतकांत नोंदलेलीं जमातींचीं नांवें एकत्र करून त्यांनीं चार स्वाऱ्या सिद्ध केल्या: क्रुथिन, एरन, लाइगिन व शेवटीं गोइडेल. आजची आयरिश भाषा या शेवटच्या लोकांनीं इ. स. पूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकाच्या सुमारास आणिली, असें त्यांचें मत.

येथेंच आमचा आक्षेप आहे. जो साक्षीदार अविश्वसनीय ठरला, त्याच्याच तोंडून पुन्हां स्वाऱ्यांचा क्रम वदवून घेणें न्यायाचें नव्हे. टॉलेमीचा पुरावा अस्सल खरा. पण त्यावरून कोण कोठें राहत होतें एवढेंच कळतें, कोण केव्हां आलें हें कळत नाहीं.

इतक्या अलीकडे स्वारी झाली असती, तर भूमींत तिची खूण राहती. केल्टांच्या म्हणून समजल्या जाणाऱ्या ला तेन पद्धतीच्या वस्तु आयर्लंडांत मुख्यतः उत्तरार्धांत सांपडतात. दक्षिणेंत त्या अगदीं विरळ. उलट, आयरिश भाषेचे सर्वांत जुने लेख, म्हणजे ओगम लिपींतील शिलालेख, कॉर्क व केरी या दक्षिणेकडील भागांतच दाट आहेत. भाषा एकीकडे व वस्तु दुसरीकडे, अशी ही स्थिति आहे.

मग बेटावर लोक आले तरी केव्हां? बॅन नदीकाठच्या माउंट सँडल येथें शिकाऱ्यांच्या झोपड्यांचे अवशेष १९७० नंतरच्या दशकांत उघडकीस आले. ते सुमारें साडेनऊ हजार वर्षांपूर्वींचे आहेत. शेतकरी इ. स. पूर्व ४००० नंतर आले, व न्यूग्रेंजची भव्य समाधि त्यांनीं इ. स. पूर्व ३२०० च्या सुमारास उभारली. २०१६ सालीं बॅलिनाहॅटी येथील एका शेतकरी स्त्रीच्या व रॅथलिन बेटावरील तीन पुरुषांच्या हाडांतील डीएनएची परीक्षा प्रसिद्ध झाली. स्त्रीचे पूर्वज मुख्यतः पश्चिम आशियांतून पसरलेले शेतकरी ठरले. तिच्यानंतर हजारांहून अधिक वर्षांनीं झालेल्या त्या पुरुषांत काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशाचा मोठा अंश निघाला, व आजच्या आयरिश लोकांशीं त्यांचें साम्य दिसलें. म्हणजे लोकसंख्येंतील मोठी उलथापालथ ओराहिली यांच्या गोइडेलांपूर्वीं दीड हजारांहून अधिक वर्षें होऊन गेली होती.

यावरून केल्ट भाषाहि तेव्हांच आली, असें कांहीं जण म्हणूं लागले आहेत. तेंहि घाईचें होय. हाडें बोलत नाहींत, व भाषा लोकांच्या लोंढ्यावांचूनहि पसरते. रक्त, वस्तु व भाषा या तीन साक्षी निरनिराळ्या घ्याव्या, आणि त्या जुळतील तेथेंच निर्णय द्यावा. ओराहिली यांनीं त्या एकाच स्वारीच्या कथेंत गोंविल्या. त्यांच्या ग्रंथांतील शब्दचिकित्सा घ्यावी. चार स्वाऱ्या मात्र इतिहास म्हणून घेऊं नयेत.