गावनकाशा: एक दुर्लक्षित पाठ्यवस्तू

भोर आणि वेल्हे (2024 मध्ये राज्य शासनाने या तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय घेतला) या डोंगरी मुलखाचे दोन तऱ्हेचे छापील नकाशे आहेत: भारतीय सर्वेक्षण विभागाचा स्थलनिर्देशक नकाशा आणि जमाबंदीचा गावनकाशा. वर्गात पहिला लावतात. दुसरा तलाठ्याच्या दप्तरात राहतो. आमच्या मते हा क्रम चुकला आहे.

गावनकाशा साखळीने मोजलेला. मुंबई इलाख्यातील ही साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे 1 गुंठा. असे 40 गुंठे म्हणजे 1 एकर. मुले घरी रोज ऐकतात तो हाच गुंठा. पण वेल्ह्याच्या 30 अंश उतारावर साखळी जमिनीला टेकवून धरली, तर नकाशावर ते अंतर 33 नव्हे, साडेअठ्ठावीस फूटच भरते. म्हणून ती आडवी, टप्प्याटप्प्याने धरावी लागते. कोज्या शिकवायला याहून चांगले उदाहरण आम्हांला माहीत नाही.

दोष? मोठाच आहे. या नकाशात बांध आहे, चढ नाही. भाताचे सपाट खाचर आणि नाचणीची उभी टेकडी त्यात सारखीच दिसतात.

छपाईकडे वळू. 1677 मध्ये बोस्टनला न्यू इंग्लंडचा नकाशा लाकडी ठशावरून छापला गेला. त्यात पश्चिम दिशा वर आहे, आणि मूलनिवासींशी झालेल्या युद्धात हल्ले झालेली गावे आकड्यांनी दाखवली आहेत. त्याच्या दोन आवृत्त्यांपैकी एकीत ‘पांढरे डोंगर’ हे ‘मद्याचे डोंगर’ झाले! ठसा कोरायचा म्हणजे अक्षर न् अक्षर हाताने, तेही उलटे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या सरकारी छापखान्यात छायाचित्राच्या साहाय्याने नकाशा जस्ताच्या पत्र्यावर उतरवू लागले. कोरणारा मधून गेला. मूळ रेघ जशीच्या तशी कागदावर आली.

कागद मात्र आकसतो. लांबी-रुंदी 1 टक्का आकसली तर क्षेत्र जवळजवळ 2 टक्के कमी भरते. एकरामागे पाऊण गुंठ्याहून अधिक! बांधावरून भांडणाऱ्या दोघा भावांना हा आकडा लहान नाही. म्हणून मोजताना बाजारातली पट्टी न घेता नकाशावरच छापलेली मापनपट्टी घ्यावी. ती कागदाबरोबरच आकसलेली असते.

स्थलनिर्देशक नकाशा उतार उत्तम सांगतो. 47 एफ/11 या पत्रकावर तोरणा बघावा. 20 मीटर अंतराच्या समोच्च रेषा कड्यापाशी एकमेकींना चिकटतात. शेत मात्र त्यात सापडत नाही. शिवाय रोमन लिपीमुळे ‘केळद’चा ‘ळ’ हरवतो. (उच्चार त्या गावच्या मुलाकडूनच करवून घ्यावा.) पत्रकाची दक्षिण कड 18 अंश 15 मिनिटे अक्षवृत्त, ते राजगडाला लागूनच जाते. जोडगडांची सहल काढणाऱ्या शिक्षकाने खालचे पत्रकही जवळ ठेवावे.

भाटघरच्या पाण्याची निळी कड हीही अशीच एका वेळेची गोष्ट, भरल्या धरणाची. मे महिन्यात पाणी ओसरून कांबरेश्वराचे देऊळ उघडे पडते, तेव्हा निळा रंग तिथे नकाशावर तेवढा उरतो. खाली गेलेल्या शेतांचे बांध पाहायचे असतील, तर धरणाआधीचा गावनकाशाच मागवावा लागेल.