रंगाखालचा चेहरा

सांगलीत १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगमंचावर आणले, तेव्हा स्त्रियांची सोंगे पुरुषांनीच घेतली होती. जपानमध्येही १६२९ साली काबुकी नाटकातून स्त्रियांना शासनाने दूर केले आणि पुढे पुरुषच नायिका झाले. त्यांना ‘ओन्नागाता’ म्हणतात. ह्या नटांची लाकडी ठशांवरून छापलेली रंगीत चित्रे एदो नगरीत, म्हणजे आजच्या टोकियोत, सामान्य माणूसही विकत घेई. चित्रकार रेखाटन करी, कोरक्या ते लाकडावर उतरवी, छापणारा एकेका रंगाचा ठसा उमटवी आणि प्रकाशक त्यात पैसा घाली.

ह्या चित्रकारांत शाराकू हा एक विलक्षण पुरुष. त्याचे चरित्र जवळजवळ अज्ञात आहे. १७९४ च्या मे महिन्यात त्सुताया जुझाबुरो ह्या प्रकाशकाने त्याची २८ चित्रे काढली. त्यांची काळसर पार्श्वभूमी अभ्रकाच्या चुऱ्याने चमकते. सुमारे दहा महिन्यांनी तो दिसेनासा झाला. मी ही चित्रे पुस्तकातील प्रतिकृतींतूनच पाहिली आहेत. तरी सेगावा तोमिसाबुरो ह्या ओन्नागाताचे चित्र मनातून जात नाही. वेश कुलीन स्त्रीचा, केशरचना तिचीच. पण लांबट चेहरा, बारीक डोळे आणि करडा जबडा मात्र नटाचा. शाराकूने भूमिका पुसली नाही आणि नटही लपविला नाही. सत्य फारच हुबेहूब काढल्यामुळे त्याची चित्रे फार काळ चालली नाहीत, असा अभिप्राय जुन्या जपानी लेखनात आढळतो. त्याच सुमारास नटांना देखणे करून दाखविणारा तोयोकुनी मात्र लोकप्रिय झाला.

आपल्याकडे ठशांची जागा छायाचित्राने घेतली. सांगली जिल्ह्यातील नागठाणे ज्यांना आपले मानते, त्या बालगंधर्वांची छायाचित्रे घरोघर पोहोचली. ‘स्वयंवर’ नाटकातील (१९१६) त्यांची रुक्मिणी पाहून कुलीन स्त्रिया लुगडे नेसण्याची आणि दागिने घालण्याची तऱ्हा शिकल्या. पन्नाशी उलटल्यावरही ते तरुण नायिका रंगवीत राहिले. आपण मात्र जपून ठेवली ती तारुण्यातली छबी. प्रेमापोटी आपण तोयोकुनीच्या बाजूला गेलो.

पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरासाठी (१९६८) गोपाळ देऊसकरांनी त्यांची दोन तैलचित्रे काढली : एक पुरुषवेशातील, दुसरे स्त्रीवेशातील. कल्पना सुंदर आहे, तिच्यात नटाविषयी आदरही आहे. परंतु माझ्या मते तिने एक अवघड गोष्ट सोपी करून टाकली. बालगंधर्वांची थोरवी दोन चेहऱ्यांत वाटलेली नव्हती. एकाच चेहऱ्यात नारायण राजहंस आणि रुक्मिणी एकाच क्षणी नांदत, आणि प्रेक्षकाला दोघेही ठाऊक असत. तो क्षण पकडायला शाराकूची नजर हवी होती. ती निष्ठुर वाटते खरी. पण कुरूप दिसण्याच्या भयाने आपण नटाचे श्रमच नजरेआड करतो, हे निष्ठुरपण त्याहून मोठे आहे.

एखाद्या वाचकाच्या घरी अशा नटाचे जुने छायाचित्र असेल, तर त्याचे दागिने पाहून झाल्यावर क्षणभर त्याची मान आणि मनगटे पाहावीत. रुक्मिणी कोणी उभी केली, ते तेथे दिसेल.