‘करार’ आणि ‘यज्ञ’ : मराठी बायबलातील दोन शब्दांची मीमांसा

मराठी बायबलाच्या दोन भागांना ‘जुना करार’ आणि ‘नवा करार’ अशी नावे आहेत. ती इतकी रूढ झाली आहेत की, त्यांतील ‘करार’ हा शब्द धर्मक्षेत्राबाहेरून आला आहे याची जाणीव वाचकास सहसा होत नाही. अरबीतून फारसीच्या द्वारे मराठीत आलेला हा शब्द मुख्यतः दरबार, कचेरी आणि पेढी यांच्या व्यवहारातला. त्याच ग्रंथातील ‘यज्ञ’, ‘होम’, ‘वेदी’, ‘याजक’, ‘प्रायश्चित्त’ हे शब्द मात्र वैदिक व स्मार्त परंपरेतले. परिणामी, मुळात एकमेकींत गुंतलेल्या दोन कल्पना मराठीत दोन निराळ्या जगांत जाऊन पडल्या आहेत. या ताटातुटीमुळे ख्रिस्ती धर्मातील बलिदानाच्या कल्पनेस कोणता अर्थ येतो, हे पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

हिब्रूतील मूळ शब्द ‘बरीथ’. त्याच्या व्युत्पत्तीविषयी विद्वानांत एकमत नाही; परंतु त्याच्याबरोबर येणारे क्रियापद बोलके आहे. हिब्रूत करार ‘करीत’ नाहीत, ‘कापतात’ (कारथ). हा हिब्रूचाच विशेष आहे असे मात्र नव्हे. होमरच्या ग्रीकमध्ये शपथा ‘कापल्या’ जातात (तेम्नेइन) आणि लॅटिनमध्ये तह ‘प्रहाराने’ होतो (फेरिरे). तिन्ही भाषांतील या प्रयोगांमागे पशुवधाने पक्का होणारा करार आहे.

उत्पत्तीच्या 15व्या अध्यायात अब्राहाम पशू मधोमध कापून त्यांचे अर्धे भाग समोरासमोर मांडतो. अशा भागांमधून चालत जाण्याचा अर्थ यिर्मयाच्या 34व्या अध्यायावरून स्पष्ट होतो : वचन मोडल्यास आपलीही या पशूसारखी गत व्हावी, असा तो स्वतःला दिलेला शाप होय. उत्तर सीरियातील सफीरे येथे सापडलेल्या इ. स. पू. आठव्या शतकातील अरमेइक तहलेखांतही वासराच्या वधाशी जोडलेला असाच शाप आढळतो. उत्पत्तीच्या कथेतील विशेष असा की, त्या भागांमधून अब्राहाम जातच नाही. तो गाढ झोपेत आहे. जातो तो धूर आणि अग्नी, म्हणजे स्वतः देव. शापाचे ओझे बलवान पक्षाने आपल्या शिरावर घेतले आहे.

निर्गमाच्या 24व्या अध्यायातील विधी निराळा आहे. तेथे मोशे अर्धे रक्त वेदीवर आणि अर्धे लोकांवर शिंपडतो. येथे शापापेक्षा संबंध प्रधान आहे. एकच रक्त दोन्ही पक्षांना स्पर्श करते. शेवटच्या भोजनप्रसंगी येशूच्या तोंडी कराराचे रक्त हे शब्द येतात, ते या प्रसंगाचे स्मरण करून देणारे आहेत. म्हणजे बलिदान हे कराराचे मोल नव्हे. बलिदान हीच करार घडण्याची रीत होय.

आता मराठीकडे वळू. आपल्या भाषेत संबंध ‘तोडतात’, वचन ‘मोडतात’ आणि घटस्फोटाला ‘काडीमोड’ म्हणतात. तोडणे-मोडणे ही आपल्याकडे संबंध संपल्याची खूण आहे. जुळण्याची खूण बेलभंडार उचलण्यात आहे. तीत शपथ आहे, साक्षीला देव आहे, पण वध नाही. अशा भाषेत ‘करार कापणे’ हा प्रयोग नेमका उलटा अर्थ देईल. भाषांतरकारांनी ‘करार करणे’ हे निर्गुण क्रियापद पत्करले ते योग्यच केले. पण त्यासरशी करारातील रक्त नाहीसे झाले.

‘यज्ञ’ शब्दाचेही असेच आहे. श्रौत परंपरा यज्ञाचे स्वरूप द्रव्य, देवता आणि त्याग या तीन अंगांनी सांगते. त्यात यजमान द्रव्यावरचे आपले स्वत्व सोडतो. मीमांसकांच्या मते तर देवता कर्माला गौण असते. तेव्हा देवतेनेच वचनात बांधून घ्यावे ही कल्पना या शब्दात मुळातच नाही. अशा रीतीने ‘करार’ शब्दात वध नाही आणि ‘यज्ञ’ शब्दात वचन नाही. दोहोंची बेरीज करू जाता वाचकाच्या हाती एक सौदा लागतो : देणे थकले होते, ते रक्ताने फेडले. हा अर्थ ख्रिस्ती विचाराला परका नाही. आन्सेल्मने 1098 साली पूर्ण केलेल्या ग्रंथात पाप हे देवाच्या मानाचे ऋण ठरवून असाच युक्तिवाद केला. पण तो अनेक अर्थांपैकी एक आहे; मराठी शब्दांमुळे तो एकच असल्याचा भास होतो.

हा धोका अलेक्झांड्रियाच्या ग्रीक भाषांतरकारांना जाणवला असावा. समान पक्षांच्या करारासाठी ग्रीकमध्ये ‘सिन्थेके’ हा शब्द असताना त्यांनी प्रायः ‘दियाथेके’ हा शब्द योजला. व्यवहारात त्याचा अर्थ होता एकाने केलेली व्यवस्था, मृत्युपत्र. एकतर्फी दानाचा भाव त्यामुळे टिकला. इब्री लोकांस पत्राच्या 9व्या अध्यायातील युक्तिवाद या दुहेरी अर्थावरच उभा आहे. मराठीत तेथे ‘मृत्युपत्र’ हा वेगळा शब्द आणावा लागतो आणि युक्तिवादाचा दुवा निसटतो. या शब्दाचा लॅटिन पर्याय ‘तेस्तामेन्तुम’. त्याच्याच आधारे ल्यूथरने 1520 साली मिस्सा हा मृत्युपत्रासारखा दिलेला शब्द आहे, माणसाने देवाला वाहिलेला बली नव्हे, असे प्रतिपादिले. 1562 साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने मिस्सा हे खरेखुरे बलिदान असल्याचा निर्णय दिला. शब्दाच्या निवडीत किती काही पणास लागते, याचे याहून ठळक उदाहरण क्वचितच सापडेल.

येथे एक मर्यादा नोंदविली पाहिजे. बरीथ आणि बलिदान यांचा हा एकजीवपणा ख्रिस्ती वाचनात जितका अटळ आहे तितका यहुदी परंपरेत नाही. इ. स. 70 मध्ये जेरुसलेमचे मंदिर पडले, बलिदान थांबले. तरी यहुद्यांचा करार चालूच राहिला.

मग ‘करार’ शब्द टाकून द्यावा काय? तसे वाटत नाही. त्याच्या अरबी धातूत स्थिरावण्याचा भाव आहे आणि मराठीने तो पुरता गमावलेला नाही. ‘करारी’ माणूस म्हणजे सौदा करणारा माणूस नव्हे; जो शब्दापासून ढळत नाही तो. कापलेल्या पशूंमधून एकटा जाणारा देव या अर्थाने करारी आहे. मराठी वाचकाने ‘नवा करार’ हे नाव वाचताना पेढीवरील कागदाऐवजी हे विशेषण मनात आणले, तर वेदीवरचे रक्त आणि दिलेला शब्द यांची ताटातूट बऱ्याच अंशी मिटेल.