नगरशासनाच्या दोन साक्षी

रोमचे नाव निघाले की आपल्याकडील सुशिक्षित मंडळींत एक ठरावीक मत ऐकू येते. कायदा व नागरिकत्व या रोमने जगास दिलेल्या देणग्या होत. आपल्याकडे राजे होते, खेडी होती, परंतु आपला कारभार आपण पाहणारे नगर नव्हते. इंग्रजी ग्रंथांवर वाढलेल्या आम्हांसही हे मत दीर्घकाळ निर्विवाद वाटत असे. त्याची पारख करण्यास दोन लेखने शेजारी ठेवून वाचली तरी पुरे. पहिले, धाकटा प्लिनी व सम्राट ट्राजन यांचा पत्रव्यवहार. दुसरे, नाशिकच्या पांडवलेण्यांतील शिलालेख. दोन्ही इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील आहेत.

इ. स. ११० च्या सुमारास प्लिनी बिथिनिया प्रांताचा अधिकारी होऊन गेला. तेथील नगरांच्या हिशेबांत गोंधळ माजला होता व तो निस्तरणे हे त्याचे काम होते. निकोमीडिया नगराने पाणी आणण्यासाठी ३३,१८,००० सेस्टर्स खर्च केले, काम अर्धवट राहिले व शेवटी ते पाडून टाकण्यात आले. पाणीयोजनांच्या लांबलेल्या हकीकती ज्यांनी ऐकल्या आहेत, त्या आमच्या नगरातील वाचकांस ही कथा परकी वाटणार नाही. ट्राजनने उत्तरात पाणी नगरास मिळालेच पाहिजे असे बजावले आणि एवढा पैसा कोणाच्या दोषामुळे वाया गेला याचा शोध घेण्यासही सांगितले.

त्याच नगरात मोठी आग लागली. विझविण्यास बंब नव्हता, बादलीही नव्हती. लोक नुसते उभे राहून पाहत होते. प्लिनीने १५० कारागिरांचा एक संघ स्थापण्याची परवानगी मागितली. सम्राटाने ती नाकारली. अशा मंडळ्यांस नाव काहीही द्या, थोड्याच दिवसांत त्यांचे राजकीय गट बनतात, असे त्याचे म्हणणे. साहित्य तेवढे ठेवावे, संघ नको. कायद्याचे माहेरघर म्हणविणाऱ्या राज्यास दीडशे कारागीर एकत्र आलेले सोसत नव्हते!

आता नाशिककडे वळू. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षूंसाठी ३,००० कार्षापणांची कायम ठेव ठेवली. ती कोणाकडे? राजाच्या कोषात नव्हे, तर विणकरांच्या दोन श्रेणींकडे. २,००० कार्षापण दरमहा शेकडा १ दराने व १,००० शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत मागावयाचे नाही. केवळ व्याज उपभोगावयाचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वीस भिक्षूंस प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी मिळत. हिशेब करून पाहावा, बरोबर २४० होतात. हे सर्व निगमसभेत ऐकविले गेले व दप्तरी नोंदविले गेले, असे लेखच सांगतो. विशेष हे की बिथिनियातही त्या वेळी व्याजाचा दर वर्षास शेकडा १२ होता. त्या दराने नगराचा पैसा कोणी कर्जाऊ घेईना, तेव्हा नगरसभासदांवर तो सक्तीने लादावा काय, असे प्लिनीने विचारले. ट्राजनने दर उतरविण्यास सांगितले, परंतु सक्ती न्यायास धरून नाही म्हणून ती नाकारली. रोमच्या सत्तेस कारागिरांचा संघ भयाचे स्थान वाटला; आमच्या दक्षिणेत राजाच्या जावयास तो विश्वासाचे स्थान वाटला.

येथे थांबून जयघोष करण्याचा मोह अनेकांस होईल. आम्ही तो आवरतो. निगमसभेत कोण बसत असे, तिचे सभासद कसे ठरत, तेथे विरोधाचा शब्द उच्चारता येत असे काय, याविषयी हे लेख मुके आहेत. शिलालेख निर्णय सांगतो, निर्णयापूर्वीची शंका सांगत नाही. पत्रव्यवहाराचे मोल नेमके येथे आहे. प्लिनी चाचरतो, चुकतो, विचारतो. सम्राट कधी न्यायाने, कधी भयाने उत्तर देतो. आणि दोघांचेही दोष आपल्या नजरेस पडतात. शिलालेखांत असा क्षण विरळाच. गौतमीपुत्र सातकर्णीच्या चोविसाव्या वर्षाच्या लेखात तो येतो. पूर्वी दिलेले शेत कसले जात नाही, गाव ओसाड आहे, म्हणून नगराच्या सीमेवरील राजकीय शेतातून १०० निवर्तने द्यावीत, अशी आज्ञा तेथे आहे. दिलेले दान निष्फळ ठरले हे राजसत्तेने दगडावर कबूल केले, ही गोष्ट आम्हांस तिच्या सर्व बिरुदांहून मोठी वाटते.

सातवाहनांचे पैठण आमच्या नगरापासून दूर नाही. आमच्या महापालिकेच्या सभागृहाची मुदत २०२० साली संपली व पुढे कित्येक वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. प्रशासक कितीही कर्तबगार असो, तो प्लिनीच्या जागी असतो. त्याची पत्रे वरती जातात, त्याचे उत्तरदायित्वही वरतीच असते. निगमसभेत उभे राहून हिशेब ऐकविण्याची प्रथा ज्या प्रांताच्या दगडांवर कोरलेली आहे, तेथील नागरिकांनी तो हिशेब ऐकण्याची सवय मोडू द्यावी काय? रोम थोर की आपण थोर, या वादापेक्षा हा प्रश्न आम्हांस अधिक निकडीचा वाटतो.