परळीचा वैजनाथ डेटाबेसमध्ये शोधताना

"पुराणकथांवर काम करायचंय, एखादा चांगला ऑनलाइन डेटाबेस सांगा." सिनॉप्सिस लिहायला बसलेल्यांकडून हा प्रश्न हमखास येतो. नुसती यादी देऊन भागत नाही. डेटाबेस कसा आहे हे त्याला एखादा अडचणीचा प्रश्न विचारल्यावरच कळतं. म्हणून आज आपल्या बीड जिल्ह्यातलाच एक प्रश्न घेऊ: बारा ज्योतिर्लिंगांतला वैद्यनाथ तो परळीचाच का?

हा मान झारखंडमधलं देवघरही सांगतं, आणि वादाचं एक मूळ पाठातच आहे. आपल्याकडे घरोघरी म्हटल्या जाणाऱ्या ज्योतिर्लिंगांच्या स्तोत्रात परळीचं नाव येतं. शिवपुराणाच्या कोटिरुद्रसंहितेतल्या यादीत त्या जागी 'चिताभूमी' आहे, आणि देवघरकडची मंडळी ती आपलीच मानतात. फरक एका शब्दाचा, पण तुमचं एक अख्खं प्रकरण त्यावर उभं राहतं किंवा कोसळतं.

आता हा प्रश्न घेऊन स्तोत्रं आणि देवांच्या गोष्टी देणाऱ्या लोकप्रिय साइट्सवर जा. पाठ लगेच मिळेल, अर्थासकट मिळेल. पण तो कोणत्या छापील आवृत्तीतून घेतला, हे बहुतेक ठिकाणी लिहिलेलं नसतं. दुसरा पाठ आहे याचा तर उल्लेखही नसतो. विज्ञान शाखेतल्यांना हर्बेरियम आठवेल. वाळवलेल्या प्रत्येक नमुन्यासोबत चिठ्ठी असते: कुठे सापडला, कधी, कोणी गोळा केला. चिठ्ठी हरवली की उरतो तो पाला. या साइट्सवर पाला भरपूर आहे.

ग्योटिंगेनचा 'ग्रेटिल' हा संस्कृत ग्रंथांचा संग्रह त्या मानाने प्रामाणिक. मजकूर कोणत्या आवृत्तीवरून घेतला, हे फाइलच्या सुरुवातीला सांगितलेलं असतं. ही त्याची चिठ्ठी. तिथे दोन अडचणी येतात. मजकूर रोमन लिपीत, वर-खाली चिन्हं लावून टाइप केलेला असतो, त्यामुळे देवनागरीत शोधाल तर काहीच हाती लागणार नाही. शिवाय संधीमुळे शब्द एकमेकांना चिकटतात, म्हणून पूर्ण शब्दाऐवजी त्याचा मधला तुकडा शोधा. मग सुरुवातीला दिलेली आवृत्ती 'इंटरनेट अर्काइव्ह'वर स्कॅन स्वरूपात मिळते का बघा आणि ते पान डोळ्यांनी वाचा. अर्काइव्हवर ग्रंथाचं नाव, साल चुकीचं टाकलेलं असू शकतं. मुखपृष्ठ उघडून खात्री करा.

'सापडलं नाही' म्हणजे काय, हेही नीट समजून घ्या. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली. तिच्या मुख्य पाठात गणपती लेखनिक झाल्याची कथा नाही. ती परिशिष्टात टाकली आहे. फक्त मुख्य पाठाची फाइल शोधून कोणी लिहील, "ही कथा महाभारतात नाहीच." खरं विधान असं होईल: संपादकांनी हस्तलिखितं ताडून ती मूळ पाठात धरली नाही. या दोन वाक्यांत संशोधनाचा फरक आहे. छापील आवृत्तीत पानाच्या वरच्या भागात पाठ आणि खाली पाठभेद आहेत. डिजिटल फाइल हातात आली की आधी तपासा, खालचा भाग आलाय का?

नावांचंही तसंच. शासनाचं १९६९चं इंग्रजी जिल्हा गॅझेटिअर उपयोगी आहे, पण त्यात आपला जिल्हा 'भीर' या स्पेलिंगने छापलाय. निजामाच्या काळातल्या कागदांत अंबाजोगाई शोधाल तर हाती काही लागणार नाही, तिथे ते 'मोमिनाबाद' आहे. जुनी नावं लिहून ठेवल्याशिवाय शोध सुरूच करू नका.

आणि जे संस्कृतात नाही त्याचं काय? अंबाजोगाईत सांगतात की योगेश्वरीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं होतं, मुहूर्त टळला आणि वऱ्हाड दगडाचं झालं. हत्तीखान्यातले दगडी हत्ती लोक त्याच वऱ्हाडाचे म्हणून दाखवतात. म्हणजे ज्या वैजनाथासाठी आपण ग्रंथ धुंडाळतोय, तो इथल्या कथेत नवरदेव आहे! ग्रंथांच्या डेटाबेसवर विसंबून राहिलात तर हा वैजनाथ तुमच्या प्रबंधात येणारच नाही.

म्हणून माझ्या मते आपल्या भागातल्या विद्यार्थ्याने बघावाच असा संग्रह 'पुराणकथा' या नावाखाली मिळतच नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या 'परी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहावर आहेत. एक लाखाहून जास्त ओव्या, त्यांत माजलगावच्या बायकांच्याही. राम-सीता आहेत, विठ्ठल आहे, बाबासाहेबही आहेत. ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव दिलेलं असतं. चिठ्ठी शाबूत! उणीव इतकीच की दैवतांच्या कथा शोधणाऱ्याच्या सोयीने हा संग्रह लावलेला नाही. ते वर्गीकरण तुम्हालाच करावं लागेल. पण तेच तुमचं काम ठरू शकतं.

मग वैद्यनाथ परळीचा की देवघरचा? निकाल देणं आपलं काम नाही. कोणता पाठ कुठे छापला गेला, कुठे म्हटला जातो, कोण काय सांगतं, हे दाखवणं आपलं काम. जिल्ह्याचा अभिमान असावा, तो मलाही आहे, पण तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न "हे कुठून घेतलं?" असाच येतो. तेव्हा आजपासून वहीत प्रत्येक नोंदीपुढे एक रकाना आखा: चिठ्ठी. तो रिकामा राहिला तर ती नोंद प्रबंधात घेऊ नका.