दुसऱ्यातून तिसऱ्यात

जुन्या वाड्याच्या दाराची लोखंडी कडी कोयंड्यात पडते तेव्हा एक आवाज येतो. कोरडा, जरा जड, काम पुरं झाल्याची खात्री देणारा. फेरारी एफ430 चा गिअर दुसऱ्यातून तिसऱ्यात जातो तेव्हा त्याच जातीचा आवाज ऐकू येतो. मी इंग्लंडमध्ये राहतो, आणि गेल्या हिवाळ्यात इथे वापरलेली एफ430 शोधत असताना एकाच आठवड्यात दोन गाड्या चालवून पाहिल्या. दोन्ही लाल, दोन्ही उजव्या स्टिअरिंगच्या, वयानेही जवळपास सारख्या. एकीला दांडीचा गिअर आणि पायाशी क्लच होता. दुसरीला क्लचचं पेडलच नव्हतं, स्टिअरिंगच्या मागे दोन पॅडल होते. दोघींचं इंजिन एक, आणि मूळ गिअरबॉक्सही एकच. एकीत गिअर माणूस टाकतो, दुसरीत माणसाच्या इशाऱ्यावरून यंत्र टाकतं. एवढ्या एका फरकाने दोन गाड्यांचा स्वभाव किती वेगळा होतो, ते मला त्या आठवड्यात कळलं.

आधी गाडीविषयी थोडं. एफ430 ची ओळख 2004 साली पॅरिसच्या प्रदर्शनात झाली. चालकाच्या पाठीशी, काचेच्या झाकणाखाली 4.3 लिटरचा व्ही8, 490 अश्वशक्ती, आणि मिनिटाला 8500 फेऱ्यांपर्यंत चढणारा सूर. 2009 साली तिची जागा 458 इतालियाने घेतली, आणि त्या गाडीला क्लचचं पेडल मिळालंच नाही. म्हणजे उघड्या खाचांमधून चालणारी गिअरची दांडी आणि मध्यभागी व्ही8 इंजिन, ही फेरारीची कित्येक वर्षांची जोडी एफ430 पाशी संपली. वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात हिच्याबद्दल इतकी चर्चा होते ती यामुळेच.

आता दांडीकडे येतो. दोन सीटांच्या मध्ये चकचकीत धातूची एक पट्टी असते. तिच्यात इंग्रजी एच सारख्या खाचा कोरलेल्या, त्यांतून वर आलेली बारीक दांडी, आणि टोकाला अ‍ॅल्युमिनियमचा गोळा. बहुतेक गाड्या हा भाग चामड्याच्या झालरीखाली झाकून ठेवतात. फेरारीने तो उघडा ठेवला. हिवाळ्यातल्या सकाळी तो गोळा हाताला बर्फासारखा लागतो. मी हातमोजे काढून ठेवले होते, आणि ते बरंच झालं, कारण पुढचं सगळं तळहातालाच कळायचं होतं.

दुसऱ्या गिअरमध्ये काटा आठ हजारांकडे चढला. डावा पाय क्लचवर गेला, उजवा अ‍ॅक्सिलरेटरवरून उठला, डाव्या हाताने दांडी पुढे ढकलली. ती खाचेतून सरळ सुटते आणि न्यूट्रलच्या आडव्या गल्लीत येते. तिथे एक लहानसा क्षण ती मोकळी असते. तिसऱ्या-चौथ्याची रांग मधली असते आणि स्प्रिंग दांडीला त्या रांगेकडे आपणच ओढून नेते. हाताने फक्त आडवं यायचं नाही. मुठीत आवळून धरलेली दांडी कोपऱ्याला अडते, धातूवर धातू आपटतो. उघड्या तळव्याने ढकललेली दांडी मात्र स्वतःच वळण घेते आणि वर चढते. पहिला 'टक' खाचेच्या कडेचा, दुसरा गिअर बसल्याचा. पुण्यात मारुती 800 वर गाडी शिकवणारे काका मला एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगायचे, ''दांडीशी भांडू नकोस.'' इतक्या वर्षांनी, त्या मारुतीच्या कितीतरी पट ताकदीच्या गाडीत, त्यांचं म्हणणं शब्दशः खरं निघालं. भारत आणि इंग्लंड दोन्हीकडे गाड्या डावीकडून चालतात, त्यामुळे गिअर शिकलेला माझा डावा हात इथेही कामी आला.

हे झालं हाताचं. खरी गंमत त्याच वेळी पाठीमागे चाललेली असते. या इंजिनाचे फेरे फार झपाट्याने उतरतात. क्लच दाबलेला असतो त्या अवधीत ते आठ हजारांवरून खाली येऊ लागतात, आणि तिसऱ्या गिअरला जेवढे फेरे हवेत तेवढ्यावर आले की नेमका तेव्हाच क्लच सुटला पाहिजे. लवकर सोडला तर गाडी ढुशी देते, उशीर झाला तर नाक खाली घालते. बरोबर वेळ साधली तर काहीच होत नाही. ना धक्का, ना ओढ. इंजिनाचा आवाज एक पायरी उतरतो आणि तिथून पुन्हा चढायला लागतो. या काहीच न होण्यासाठी हात, दोन पाय आणि कान एकाच वेळी राबलेले असतात. त्या दिवशी पंधरा-वीस वेळा मी तिसरा गिअर टाकला असेन. त्यातले चार बरोबर पडले. ते चार मला अजून आठवतात.

आता पॅडल. त्यांच्याविषयी बोलताना पुष्कळ लोक ही जणू आळशी माणसांची सोय होती असं समजतात, आणि तो अन्याय आहे. फेरारीसाठी 1989 च्या फॉर्म्युला वन हंगामाची 640 ही गाडी जॉन बर्नार्डने आखली. त्याला चालकाची जागा शक्य तितकी अरुंद हवी होती, म्हणजे वाऱ्याला गाडी कमी अडते. पण गिअरची दांडी म्हटली की हात हलवायला जागा आली, आणि दांडीपासून मागच्या गिअरबॉक्सपर्यंत जोडणीही आली. ते सगळं काढून त्याने स्टिअरिंगमागे दोन पॅडल बसवले आणि गिअर टाकायचं काम विजेवर आणि तेलाच्या दाबावर सोपवलं. सरावात ती गाडी सारखी बंद पडे. पहिली शर्यत ब्राझीलला, रिओजवळच्या जाकारेपाग्वाच्या ट्रॅकवर होती. नायजेल मॅन्सेलला गाडी शेवटपर्यंत टिकेल असं वाटत नव्हतं. मध्येच त्याचं स्टिअरिंगसुद्धा बदलावं लागलं. तरीही तो शर्यत जिंकला. पुढच्या काही वर्षांत फॉर्म्युला वनमधून दांडी नाहीशी झाली. रस्त्यावरच्या गाडीत हीच कल्पना फेरारीने 1997 साली एफ355 मध्ये आणली आणि तिला 'एफ1' हेच नाव दिलं.

एफ430 मधला 'एफ1' समजून घ्यायचा तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायला हवी: हा ऑटोमॅटिक गिअर नाही. आत तोच सहा गिअरचा गिअरबॉक्स, तसाच एक क्लच. पाय आणि हात यांच्या जागी हायड्रॉलिक पंप, व्हॉल्व्ह आणि संगणक. उजवा पॅडल ओढला की वरचा गिअर, डावा ओढला की खालचा, दोन्ही एकदम ओढले की न्यूट्रल. गाडी ताणून पळवत असलात तर हे काम सुमारे 150 मिलिसेकंदांत उरकतं, म्हणजे पापणी लवते न लवते तोवर. त्या वेगात तिसरा गिअर पडताना पाठीत एक थाप बसते आणि आवाज मध्येच कापल्यासारखा तुटून पुन्हा जोडला जातो. खालचे गिअर घेताना तर ही गाडी अधिकच रंगते. वळणाआधी ब्रेक दाबून डावा पॅडल दोनदा ओढायचा. संगणक स्वतःच अ‍ॅक्सिलरेटरला टोला देतो, मागून दोनदा खणखणीत डरकाळी येते, आणि गाडी तसूभरही न डगमगता वळणात शिरते. दांडीच्या गाडीत हेच करायला चवडा ब्रेकवर ठेवून त्याच पायाच्या कडेने अ‍ॅक्सिलरेटर मारावा लागतो. ते मला दहातून तीनदा जमतं. पॅडलच्या गाडीत ते प्रत्येक वेळी जमतं. शिवाय चौथ्याऐवजी चुकून दुसऱ्यात गिअर घालून इंजिनाचं वाटोळं करण्याची भीती इथे नाही, कारण संगणक तसला गिअर घेतच नाही. या सगळ्याचा मला मनापासून आनंद झाला, आणि तो लपवण्याचं कारण नाही.

पण गाडी संथ चालवली की तिचा दुसरा चेहरा दिसतो. गावातून तीस-चाळीसच्या वेगाने जाताना दुसऱ्यातून तिसऱ्यात जायला ती वेळ घेते. क्लच सुटतो, ओढ थांबते, मान पुढे झुकते, मग क्लच पुन्हा धरतो. यावर उपाय आहे. पॅडल ओढताना उजवा पाय किंचित सैल करायचा आणि गिअर पडला की पुन्हा दाबायचा. म्हणजे जे दांडीच्या गाडीत करतो त्यातलंच अर्धं इथेही करायचं. ज्याला हे उमगलं त्याच्या हाती ही गाडी सुरेख चालते, आणि मी चालवून पाहिली तिचा आधीचा मालक तसाच असावा, कारण क्लच फारसा झिजलेला नव्हता. या गाडीत क्लच किती झिजला ते निदानाचं यंत्र जोडलं की टक्क्यांत दिसतं. वापरलेली 'एफ1' घेणाऱ्याने तो आकडा पाहिल्याशिवाय पैशाची गोष्ट काढूच नये. तिला ऑटोमॅटिक समजून चढावर अ‍ॅक्सिलरेटरच्या जोरावर धरून ठेवणारा, गॅरेजच्या उतारावर रिव्हर्समध्ये इंच इंच सरकवणारा मालक प्लेट लवकर जाळतो. दांडीच्या गाडीतही प्लेट जळते, पण तिथे अर्ध्या क्लचवर गाडी रखडते आहे हे डाव्या पायाला कळतं आणि नाकाला वास येतो. यंत्राच्या हाती दिलेल्या क्लचची तक्रार पायापर्यंत पोचत नाही. पंप, त्याचा रिले, तेलाच्या दाबाचे भाग यांचा खर्चही वय वाढतं तसा येतोच.

गाडी नवी असताना 'एफ1' साठी जास्त पैसे मोजावे लागत, आणि तरी बहुतेकांनी तोच घेतला. आज उलट झालं आहे. दांडीची एफ430 कमी सापडते आणि तिला कितीतरी जास्त किंमत पडते. इतकी, की 'एफ1' गाडीत क्लचचं पेडल, पट्टी आणि दांडी बसवून देणारे कारागीर तयार झाले आहेत. गिअरबॉक्स तोच असल्यामुळे ते काम जमतं. स्वतः चालवण्यासाठी कुणी करून घेतलं तर माझी हरकत नाही. पण विकताना ते सांगितलं पाहिजे, आणि घेणाऱ्याने गाडी कारखान्यातून कशी निघाली होती ते कागदांवरून तपासलं पाहिजे.

या किमतीमागे नुसती दुर्मिळता आहे असं मला वाटत नाही. पॅडलचा मोठेपणा वेगात होता, आणि वेग मोजता येतो. 150 मिलिसेकंद हा 2004 सालचा पराक्रम होता. 2007 च्या 430 स्कुडेरियाने तो 60 वर आणला. 458 मध्ये दोन क्लच आले. एकावर विषम गिअर, दुसऱ्यावर सम. दुसरा गिअर चालू असतानाच तिसरा तयार बसलेला असतो, मानेचा झोका उरतच नाही. संथ चालवली तरी मऊ, ताणली तरी तल्लख. जे एफ430 च्या पॅडलला करायचं होतं ते 458 च्या पॅडलने पुरं केलं. दांडी मात्र त्या शर्यतीत उतरलीच नव्हती. 2004 साली ती पॅडलपेक्षा मंद होती आणि आजही तेवढीच मंद आहे. माझे ते चार बरोबर पडलेले गिअर पुढच्या कुठल्याही गाडीने शिळे केलेले नाहीत. पोर्शेलाही हे ध्यानात आलं असावं. 2013 ची 911 जीटी3 त्यांनी फक्त पॅडलवर काढली, 2016 साली 911 आर दांडीवर काढली, आणि 2017 मध्ये जीटी3 ला दांडी परत दिली.

महाराष्ट्रातल्या वाचकांना ही निवड आत्ता करता येणार नाही, हे मी जाणतो. तीन वर्षांहून जुनी गाडी भारतात आयात करू देत नाहीत, त्यामुळे नवी असताना जी आली तेवढीच तिथे आहे. फेरारी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सचिनची लाल 360 मोदेना येते. ती एफ430 च्या आधीची पिढी. पण परदेशात राहणाऱ्या ज्या मराठी माणसाने तिला पाहून कधी मनात काही ठरवलं असेल, त्याला माझं मत स्पष्ट सांगतो. एफ430 घ्यायची तर दांडीची घ्या, त्यासाठी थांबावं लागलं तरी थांबा. पॅडलच हवे असतील तर 458 पर्यंत जा. मधल्या वाटेवरची 'एफ1' ज्याचा पाय हलका आहे आणि क्लचचा आकडा ज्याने पाहिला आहे त्यानेच घ्यावी. मी पाहिलेली दांडीची गाडी माझ्या ऐपतीबाहेर निघाली. मी थांबलो आहे.

आणि पाहायला जाल तेव्हा विक्रेत्याला आदल्या दिवशी फोन करून सांगा, की मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. थंड गाडीचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तडकलेला असेल तर सुरू होताच टिकटिक ऐकू येते, आणि या गाडीत तो तडकतो. मग क्लच दाबा आणि थंड तेलातच दुसरा गिअर टाकून पाहा. जुन्या फेरारींचा दुसरा गिअर थंडीत कुरकुरतो, तेवढं चालेल. तेल गरम झाल्यावरही तो खाचेत जायला नाही म्हणाला, तर किल्ली परत द्या आणि घरी या.