आदिलाबादच्या आठवणी : साल कोणतं, आणा कोणता, भाषा कोणती?

आदिलाबादमधल्या बालपणाच्या आठवणी मी आवडीनं वाचतो. शाळेची घंटा, दुकानातली गोळ्यांची बरणी, कापसाच्या गाड्यांनी अडलेला रस्ता, सगळं ओळखीचं असतं. पण वाचून झाल्यावर हाती एवढंच उरतं: तेव्हा स्वस्ताई होती आणि लोक गुण्यागोविंदानं राहत. माझी तक्रार इथेच आहे.

आधी दुकान घेऊ. “आण्याला मूठभर फुटाणे” असं वाचलं की मी विचारतो, आणा कोणता? निजामाच्या राज्यात हाली रुपया चाले, पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात कलदार. सात हालींचे सहा कलदार होत. पुढे १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर पैसे झाले. साल दिलं नाही, तर त्या फुटाण्यांची किंमत कळतच नाही.

युद्धानंतरच्या इंग्लंडमधल्या बालपणाच्या आठवणींना हा आधार आपोआप मिळतो. तिथे गोळ्या-चॉकलेटवरचं रेशनिंग १९५३ साली उठलं. कुपनाशिवाय गोळ्या मिळाल्याचा दिवस कुणी सांगितला, की साल आपसूक कळतं. आपल्याकडेही असे दिवस आहेत, आपण ते लिहीत नाही.

शाळेबाबत तर फारच मोठी जागा रिकामी राहते. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईआधी प्राथमिकच्या पुढचं शिक्षण उर्दूत होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला, किनवट मात्र नांदेडला जोडलं. राजुराही आधी नांदेडात गेलं आणि १९५९ साली चांदा जिल्ह्यात. म्हणजे एकाच जिल्ह्यातल्या मराठी पोरांच्या वाटा तिथेच फुटल्या. किनवटच्या पोराला घरची भाषाच सरकारची भाषा म्हणून मिळाली. आदिलाबादच्या पोराला मराठी शाळा राहिली, आजही आहे, पण कचेरीचं दार तेलुगूत उघडू लागलं. त्या वर्षी वर्गात काय बदललं? कोणतं पुस्तक गेलं, कोणते गुरुजी बदलून गेले, कुणाच्या घरच्यांनी पोराला पैनगंगेपलीकडे शिकायला धाडलं? आठवणींत याचा पत्ता नसतो.

आणखी एक पोर या लेखांतून गायब आहे, ते गोंड पाड्यावरचं. १९४३ साली हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकारानं मारलवाईला गोंड शिक्षकांचं प्रशिक्षण सुरू झालं, आणि गोंडीची वाचनपुस्तकं देवनागरीत निघाली, कारण या भागात मराठीचा वावर होता. आपल्याच लिपीतली ही शाळा. तरी “आमची शाळा” म्हणताना ती आपल्याला आठवत नाही. मग “सगळे गुण्यागोविंदानं” मधले सगळे म्हणजे नेमके कोण?

आठवणी गोड असू नयेत, असं माझं म्हणणं नाही. लिहिणाऱ्यानं फक्त तीन गोष्टी सांगाव्यात: साल कोणतं, पैसा कोणता, आणि कोण कुणाशी कोणत्या भाषेत बोलत होतं. तालुका कुठे गेला हे सरकारी राजपत्रात मिळतं. वर्गात भाषा बदलली तेव्हा पोरं काय करत होती, हे फक्त तिथे बसलेल्यांना माहीत आहे, आणि ती माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत. घरात असं कुणी असेल, तर फुटाण्यांच्या आधी हे विचारून घ्या.